वाळूंतून वर आलेली साक्ष

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार करणें हें नवें देऊळ बांधण्याइतकेंच पुण्याचें काम आहे, अशी आपल्याकडील समजूत आहे. यंत्राच्या बाबतींत मात्र लोकांची दृष्टि निराळी असते. यंत्र जुनें झालें कीं तें मोडींत जातें. त्याच्यासाठीं कोणी नवस करीत नाहीं, कीं वर्गणी काढीत नाहीं. असें असतां वेल्समधील एका शिक्षकानें एका मोडक्या मोटारीच्या उद्धारासाठीं आपल्या आयुष्याचीं सुमारें १५ वर्षें खर्चीं घातलीं. ती मोटार कोठें रस्त्याच्या कडेला पडलेली नव्हती. ४२ वर्षें ती समुद्रकांठच्या वाळूंत पुरलेली होती. ती वर कां काढावी, आणि वर काढून हातीं काय आलें, हा या हकीकतीचा विषय आहे.

पहिलें महायुद्ध संपल्यावर विमानांचीं एंजिनें निकामी पडून राहिलीं. तीं मोटारीच्या सांगाड्यावर बसवून प्रचंड गाड्या बनविण्याचा नाद इंग्लंडांतील कांहीं धनवान तरुणांस लागला. काउंट लुई झ्बोरोव्स्की हा त्यांपैकीं एक. केंट परगण्यांतील हायम येथें त्याचा वाडा होता. तेथें त्यानें २७ लिटरचें, १२ सिलिंडरांचें ‘लिबर्टी’ नांवाचें विमानाचें एंजिन घालून एक राक्षसी गाडी तयार करविली. १९२४ सालीं इटलींतील मॉन्झा येथें शर्यतींत त्याचा अंत झाला, आणि ती गाडी जॉन गॉडफ्री पॅरी-थॉमस यानें १२५ पौंडांस विकत घेतली.

थॉमस हा १८८५ सालीं वेल्समधील रेक्सहॅम येथें जन्मला. लेलँड मोटार कंपनीचा तो मुख्य एंजिनियर होता. परंतु पुढें ती जागा सोडून तो ब्रूकलँड्स येथील शर्यतीच्या धांवपट्टीजवळच राहूं लागला. विकत घेतलेल्या गाडीचा त्यानें कायापालट केला आणि तिला ‘बॅब्ज’ असें लाडकें नांव दिलें. सायकलप्रमाणें हिच्याहि मागच्या चाकांना सांखळ्यांनींच गति मिळे. या सांखळ्यांची गोष्ट पुढें येणार आहे.

वेल्सच्या दक्षिण किनाऱ्यावर पेंडाइन नांवाचें खेडें आहे. तेथील सपाट वाळूचा पट्टा सुमारें ७ मैल लांब आहे. ओहोटीनंतर ही वाळू घट्ट बसते. तेव्हां इतक्या वेगास पुरेल असा सरळ रस्ता मिळणें कठीण, म्हणून वेगाचे विक्रम करूं पाहणारे येथें येत. येथेंच २८ एप्रिल १९२६ रोजीं थॉमसनें ताशीं १७१ मैलांचा वेग गांठून जगाचा विक्रम केला. पुढील वर्षाच्या फेब्रुवारींत माल्कम कॅम्बेल यानें त्याच वाळूवर ताशीं १७४ मैलांवर मजल मारली. गेलेला मान परत मिळविण्यासाठीं थॉमस ३ मार्च १९२७ रोजीं पुन्हां पेंडाइनला आला. त्या दिवशीं भर वेगांत गाडीचा तोल गेला, ती उलटली, आणि थॉमस जागच्या जागीं ठार झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस हेन्री सीग्रेव्ह यानें अमेरिकेंत डेटोना येथें ताशीं २०० मैलांची मर्यादा ओलांडली. ज्या तीनचार मैलांच्या फरकासाठीं एका कुशल एंजिनियराचा प्राण गेला, तो फरक चार आठवड्यांत कोणाच्या खिजगणतींतहि राहिला नाहीं.

थॉमसचें दफन इंग्लंडांतील बायफ्लीट येथें झालें. गाडी पेंडाइनलाच वाळूच्या टेकाडांत खड्डा खणून पुरण्यांत आली. पुढें तो भाग लष्करी खात्याच्या ताब्यांत गेला आणि गाडीवर विस्मृतीचाहि थर चढला.

बँगर येथील तांत्रिक विद्यालयांत एंजिनियरिंग शिकविणारे ओवेन विन ओवेन यांच्या मनांत ही गाडी घर करून राहिली. १९६९ सालीं परवानगी मिळवून त्यांनीं ती उकरून काढली. एखाद्याच्या मरणाची खूण म्हणून जी वस्तु जमिनींत ठेविली, ती उकरावी काय, असा प्रश्न येथें उभा राहतो, आणि तो क्षुल्लक नव्हे. परंतु याची दुसरीहि बाजू आहे. थॉमसचा देह बायफ्लीटला विसांवला होता. पेंडाइनला पुरलें गेलें होतें तें त्याच्या बुद्धीचें आणि हातांचें काम. माणसास मूठमाती देणें हा धर्म आहे. त्याच्या कर्तबगारीस मूठमाती देणें हा धर्म नव्हे.

गाडी कॅपेल कीरिग या डोंगराळ गांवीं ओवेन यांच्या घरीं आली. हा त्यांचा पोटापाण्याचा उद्योग नव्हता. नोकरी संभाळून उरलेल्या वेळांत चालविलेली हौस होती. विहिरीच्या रहाटाचा गंजलेला नट ज्यानें एकदां तरी उघडून पाहिला असेल, त्यासच या कामाची कल्पना येईल. खारट ओलाव्यांत पोलाद तर गंजतेंच. पण पोलादाला खेटून अल्युमिनियम असलें तर तें त्याहून लवकर झिजतें, कारण मीठपाण्याच्या योगानें त्या दोन धातूंची जणूं विजेची बॅटरीच तयार होते आणि तींत अल्युमिनियम खर्ची पडतें. असा बोल्ट पान्याच्या जोरानें फिरविला तर तुटतो. त्यावर तेल सोडून दिवसेंदिवस वाट पाहावी लागते, कधीं आंच द्यावी लागते, आणि पुन्हां हलक्या हातानें यत्न करावा लागतो. प्रत्येक भाग सोडविण्यापूर्वीं त्याचें माप व त्याची जागा टिपून ठेवावी लागते. जो भाग हरवला किंवा कुजून गेला, त्याचा आकार शेजारच्या भागांवरून आणि जुन्या छायाचित्रांवरून ठरवावा लागतो. उतावळ्या माणसाचें हें काम नव्हे. ओवेन यांनीं तें सुमारें १५ वर्षें चालविलें, आणि ज्या एंजिनाला वाळूनें गिळलें होतें, तें पुन्हां गर्जूं लागलें.

येथपर्यंतची कथा चिकाटीची झाली. परंतु इतिहासाच्या दृष्टीनें महत्त्वाची गोष्ट पुढेंच आहे. थॉमसच्या मृत्यूविषयीं अनेक वर्षें एकच हकीकत सांगितली जात असे. ती अशी कीं, गाडीची उघडी सांखळी तुटली आणि तिचा तडाखा मस्तकास बसून तो मेला. हकीकत भयंकर होती, म्हणूनच ती लोकांच्या तोंडीं बसली. तिच्यांत थॉमसवर एक मुका आरोपहि होता; कारण सांखळ्यांची ती गाडी त्यानें स्वतः सिद्ध केली होती. वाळूंतून निघालेल्या अवशेषांची तपासणी झाल्यावर मात्र निराळें मत बळावलें. मागील उजवें चाक आधीं निकामी झालें असावें, सांखळी तुटली ती त्यामागून, आणि गाडी उलटतांना झालेल्या आघातानें थॉमसचा अंत झाला असावा, असें तें मत आहे. त्या क्षणीं काय घडलें हें निःशंकपणें सांगणें कठीणच. पण ऐकीव गोष्टीपेक्षां वांकलेल्या लोखंडाची साक्ष अधिक वजनदार, हें कोणीहि मान्य करील. गाडी पुरलेलीच राहिली असती तर ही साक्ष कोणाच्याहि कानीं पडली नसती.

इतके भाग नवे घातल्यावर ती गाडी जुनी कशी राहिली, असें कोणी विचारील. देवळाचा कळस नवा चढविला, ओवरी पुन्हां बांधली, म्हणून देव बदलत नाहीं. मात्र कारागिरानें प्रामाणिक असलें पाहिजे. जुनें किती आणि नवें किती हें त्यानें लपवितां कामा नये. ही अट पाळली तर जीर्णोद्धार हा इतिहास ठरतो. न पाळली तर तो केवळ देखावा होतो.

पुढें ही गाडी पेंडाइन येथील संग्रहालयांत व ब्रूकलँड्स येथेंहि लोकांस पाहावयास ठेविली गेली. ओवेन २०१२ सालीं निवर्तले. त्यांच्या नांवावर वेगाचा एकहि विक्रम नाहीं. थॉमसचा विक्रम वर्षभरहि टिकला नाहीं. परंतु त्याच्या हातचें काम टिकलें, तें एका शिक्षकाच्या सावकाश चालणाऱ्या हातांमुळें.