सर्पगंधेची मुळी आणि उदासीचं रसायन

१९४९ साली ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’ या नियतकालिकात मुंबईच्या एका डॉक्टरांचा निबंध छापून आला. डॉ. रुस्तम जाल वकील हे त्यांचं नाव, केईएम रुग्णालयात ते काम करत. सर्पगंधेच्या मुळीपासून केलेलं औषध दिलेल्या पन्नास रक्तदाबग्रस्तांच्या नोंदी त्यांनी या निबंधात मांडल्या होत्या. विषण्णतेचा, म्हणजे ज्याला आज घरोघरी ‘डिप्रेशन’ म्हणतात त्या आजाराचा, निबंधाशी काहीएक संबंध नव्हता. तरीही पुढच्या पंधरा-वीस वर्षांत जगभरच्या मानसोपचारशास्त्राने या आजाराबद्दल जी समजूत करून घेतली, जी अजूनही ‘मेंदूतलं केमिकल कमी झालंय’ अशा शब्दांत दवाखान्यातून कानावर पडते, तिचं एक मूळ या मुळीत आहे. त्या समजुतीची हकीकत सांगण्यासाठी हा लेखप्रपंच.

सर्पगंधा आपल्याकडे जुनीच. साप चावल्यावर, ताप हटेना झाल्यावर आणि वेड लागलेल्याला झोप यावी म्हणून ती वापरली जाई. बिहारकडे तिचं लोकांतलं नावच ‘पागल की दवा’ असं होतं. वनस्पतिशास्त्रातलं तिचं राउवोल्फिया हे नाव मात्र सोळाव्या शतकातल्या लेओनहार्ट राउवोल्फ या जर्मन वैद्यावरून पडलं. हा गृहस्थ सीरिया-इराककडे फिरला, हिंदुस्थानात कधी आलाच नाही. नावं अशीच पडतात! १९३१ साली कलकत्त्याचे गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी ही मुळी उन्माद आणि रक्तदाब या दोन्हींवर चालते असं लिहिलं. त्याच सुमारास दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी तिच्यातली काही द्रव्यं वेगळी केली. हे सगळं हिंदुस्थानातल्या नियतकालिकांत छापलं गेलं आणि तिथेच राहिलं. डॉ. वकिलांचा निबंध विलायती नियतकालिकात आला, हा काय तो फरक. तो फरक किती मोठा ठरला ते पुढे दिसेलच.

बॉस्टनमध्ये रॉबर्ट विल्किन्स या रक्तदाबतज्ज्ञाने तो वाचला, औषध मागवलं आणि आपल्या रुग्णांना दिलं. दाब उतरतो, शिवाय माणूस शांत होतो, असं त्याने नोंदवलं. १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या बाझेलच्या सीबा कंपनीच्या रसायनशास्त्रज्ञांनी मुळीतलं मुख्य द्रव्य वेगळं केलं. तेच रिसर्पीन. न्यूयॉर्कजवळच्या रॉकलंड स्टेट हॉस्पिटलात नेथन क्लाइन यांनी ते मनोरुग्णांना द्यायला सुरुवात केली. १९५७ साली अमेरिकेतला मानाचा लास्कर पुरस्कार ज्यांना मिळाला त्यांत क्लाइन होते आणि आपले डॉ. वकीलही होते.

आणि इथे कथेला वळण लागतं. १९५४ साली एडवर्ड फ्रीस या अमेरिकन डॉक्टराने लिहिलं, की मोठ्या मात्रेत पुष्कळ दिवस रिसर्पीन घेतलेल्या त्याच्या पाच रुग्णांना तीव्र विषण्णता आली. मग आणखी ठिकाणांहून तशाच बातम्या येऊ लागल्या. रक्तदाबाची गोळी खाऊन माणसं उदास होतात, काही जीव द्यायला निघतात, हे वैद्यकाच्या पुस्तकांत शिरलं आणि तिथे पक्कं बसलं.

माझ्या सांगलीच्या आत्याला १९६०च्या दशकात रक्तदाबासाठी मुळीच्या वर्गातलीच गोळी चालू होती. मी तेव्हा शाळकरी होतो. दिवसभर पायाला भिंगरी लावून फिरणारी बाई हळूहळू माजघरातल्या पलंगावर बसून राहू लागली. तुळशीला पाणी घालायचं सोडलं, भाजी निवडायला घेतली की सूप तसंच मांडीवर राहायचं. पहाटे तीनला जाग यायची आणि ती छताकडे बघत पडायची. ‘मी तुमच्यावर भार झाले’, एवढंच बोलायची. घरात निष्कर्ष निघाला तो गोळीचा, आणि गोळी बंद झाली. पाच-सहा महिन्यांनी आत्या पुष्कळशी सावरलीही. पण त्याच वर्षी तिचे यजमान गेले होते आणि राहतं घर भावकीच्या दाव्यात अडकलं होतं, हे त्या निष्कर्षात कोणी धरलं नाही. शिवाय विषण्णतेचा झटका औषधाविनाही काही महिन्यांनी ओसरू शकतो. आत्याचं नेमकं कशाने बिघडलं हे आज कोणीच सांगू शकणार नाही. घराने मात्र उत्तर ठरवून टाकलं होतं.

वैद्यकाचंही काहीसं असंच झालं. १९५५ साली लंडनच्या मॉडस्ली रुग्णालयातल्या डेव्हिस आणि मायकेल शेफर्ड यांनी चिंताग्रस्त आणि उदास रुग्णांचे दोन गट केले. एकाला रिसर्पीन, दुसऱ्याला दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. कोणाला काय मिळतंय याची चिठ्ठी टाकलेली. रिसर्पीन घेतलेले रुग्ण अधिक सुधारले. म्हणजे फ्रीसच्या निरीक्षणाच्या जवळजवळ उलट! मानसोपचारातल्या अशा पद्धतीच्या अगदी पहिल्या चाचण्यांपैकी ही एक, ‘लॅन्सेट’सारख्या नियतकालिकात छापलेली, पण तिच्याकडे फारसं कोणी पाहिलं नाही. पुढे १९७१ साली गुडविन आणि बनी यांनी जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या तेव्हा दिसलं, की ‘रिसर्पीनची विषण्णता’ म्हणून नोंदलेल्या पुष्कळांना खरं तर सुस्ती आणि गुंगी आली होती. खरी विषण्णता थोड्यांनाच होती, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांना तसे झटके पूर्वीही येऊन गेले होते. १९५४ साली विषण्णता नेमकी कशाला म्हणायचं याची सर्वमान्य यादीही नव्हती. किमान दोन आठवडे टिकणारी उदासी किंवा कशातच रस न वाटणं, त्याबरोबर झोप, भूक, हालचाल, शक्ती, एकाग्रता यांतले बिघाड, अपराधीपणा, मरणाचे विचार, असे निकष अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या नियमावलीत १९८० साली आले.

मग एक डळमळीत निरीक्षण एवढं टिकलं कसं? कारण त्याला जोडीदार मिळाले. १९५५ साली अमेरिकेत बर्नार्ड ब्रोडी यांच्या प्रयोगशाळेला आढळलं, की रिसर्पीन दिल्यावर शरीरातला सेरोटोनिनचा साठा रिता होतो. तिथे काही महिने काम करून स्वीडनला परतलेल्या आर्विड कार्लसन यांनी १९५७ साली सशांना रिसर्पीन दिलं. ससे कान पाडून निश्चल बसले. मग त्यांना एल-डोपा टोचलं, आणि थोड्याच वेळात ससे पुन्हा हिंडू लागले. या वाटेने पुढे पार्किन्सनचा उपचार सापडला आणि २००० साली कार्लसनना नोबेल मिळालं. पण निश्चल बसलेला ससा उदास असतो का, हा प्रश्न विचारायला हवा होता. तो त्या उत्साहात मागे पडला.

दुसरा जोडीदार क्षयाच्या रुग्णालयातून आला. न्यूयॉर्कच्या स्टॅटन आयलंडवर सी व्ह्यू नावाचं क्षयरुग्णालय होतं. १९५२ साली तिथल्या रुग्णांना इप्रोनियाझिड हे नवं औषध दिलं, तेव्हा अंथरुणाला खिळलेली माणसं उठून हसू-खेळू लागली. त्यांच्या नाचण्याची छायाचित्रं वर्तमानपत्रांत झळकली. हे औषध सेरोटोनिन, नॉरॲड्रिनलिन अशा द्रव्यांना मोडणाऱ्या विकराला अडवतं, हे त्याच वर्षी कळलं. पाच वर्षांनी त्याच क्लाइन यांनी ते विषण्णतेवर वापरलं. म्हणजे साठा रिता करणारं औषध माणसाला बसवतं आणि साठा राखणारं औषध नाचवतं. इतकी देखणी जोडी जुळल्यावर कोण शंका घेणार!

तिसरी कथा म्युन्स्टरलिंगेनची. स्वित्झर्लंडमध्ये एका सरोवराकाठी वसलेल्या या गावच्या मनोरुग्णालयात रोलंड कून नावाचे डॉक्टर होते. गायगी कंपनीने त्यांच्याकडे जी २२३५५ असा क्रमांक असलेलं द्रव्य पाठवलं. छिन्नमनस्कतेवर ते चालेना, तेव्हा १९५६च्या जानेवारीत कूननी ते विषण्ण रुग्णांना देऊन पाहिलं. कूनकडे मोजपट्ट्या नव्हत्या. ते रुग्णांशी तासन्‌तास बोलत. त्यांनी लिहिलं ते असं, की रुग्ण सकाळी आपणहून उठतात, मोठ्याने बोलतात, पत्रं लिहितात, इतर रुग्णांत मिसळतात. १९५७च्या सप्टेंबरात झुरिचच्या जागतिक परिषदेत त्यांनी हे वाचलं तेव्हा श्रोते जेमतेम डझनभर होते. ते द्रव्य म्हणजे इमिप्रॅमीन. पुढची तीस वर्षं नवी औषधं त्याच्याशी ताडून पाहिली गेली. कूनच्या निरीक्षणशक्तीबद्दल मला आदर आहे. मात्र अलीकडे स्विस इतिहासकारांनी रुग्णालयाची दप्तरं उघडली तेव्हा पुढे आलं, की तिथे अनेक वर्षं शेकडो-हजारो रुग्णांवर नवी द्रव्यं अजमावली गेली आणि बऱ्याचदा त्यांना धड विचारलंही गेलं नाही. या औषधांच्या इतिहासात ही बाजू तळटीप म्हणून टाकून चालणार नाही.

या तीन धाग्यांचा पीळ घालून १९६५ साली जोसेफ शिल्डक्राउट यांनी विषण्णता म्हणजे मेंदूतल्या नॉरॲड्रिनलिनची तूट, असं प्रमेय मांडलं. हे अपुरं आहे, हे त्यांनी स्वतःच निबंधात म्हटलं होतं. लंडनच्या ॲलेक कॉपन यांनी सेरोटोनिनचा पक्ष घेतला. १९८७च्या शेवटी अमेरिकेत फ्लुऑक्सेटिनला परवानगी मिळाली. हृदयाला आणि मात्रा चुकली तर जिवाला ते जुन्या औषधांहून बरंच कमी धोक्याचं होतं आणि हा खरा लाभ होता. जाहिरातीत मात्र ‘तूट भरून काढणारी गोळी’ हीच भाषा खपली. मधुमेहात इन्सुलिन तसं यात सेरोटोनिन, ही उपमा डॉक्टरांनीही वापरली. रुग्णाच्या माथ्यावरचा दोष उतरावा हा त्यामागचा हेतू चांगलाच होता.

उपमेतली खोट पहिल्यापासून डोळ्यांसमोर होती. गोळी घेतल्यावर काही तासांतच सेरोटोनिनची हालचाल बदलते, पण मन हलकं व्हायला दोन ते चार आठवडे लागतात. तूटच भरायची असती तर एवढा उशीर का? २०२२ साली लंडनच्या जोआना मॉनक्रिफ आणि सहकाऱ्यांनी आजवरचे अभ्यास एकत्र पाहून सांगितलं, की विषण्ण माणसांत सेरोटोनिन कमी असतं याला सातत्याचा पुरावा नाही. यावरून काहींनी लगेच ‘मग गोळ्याच खोट्या’ असा डांगोरा पिटला. हा मात्र तर्काचा घोटाळा आहे. औषध का चालतं हे ठाऊक नसणं वेगळं आणि ते न चालणं वेगळं. २०१८ साली चिप्रियानी आणि सहकाऱ्यांनी ५२२ चाचण्यांतल्या १,१६,४७७ रुग्णांची माहिती एकत्र केली. एकवीसही औषधं बिनऔषधी गोळीपेक्षा सरस ठरली. सरशी सरासरीने बेताची होती, हेही खरं. कुणाला पहिलीच गोळी लागू पडते, कुणाला दोन-तीन बदलाव्या लागतात, कुणाला एकही पुरत नाही. बरं वाटल्यावरही काही महिने औषध चालू ठेवावं लागतं, आणि सोडताना हळूहळू सोडावं लागतं.

माझ्या आतेभावाने, बापूदादाने, हा भेद कधी केला नाही. चाळिशीत त्याचं स्वतःचं मन विझलं तेव्हा घरातलं जुनं उत्तर त्याच्या तोंडात तयार होतं: ‘गोळ्यांनी आईचं काय झालं ते मी पाहिलंय.’ चार वर्षं त्याने कुणा डॉक्टरची पायरी चढली नाही. वहिनींनी नाना परीने सांगून पाहिलं. अखेर एका मनोविकारतज्ज्ञाने त्याला पहिले तीन आठवडे गोळीबद्दल चकार शब्द न काढता नुसतं भेटायला बोलावलं. चौथ्या आठवड्यात दादानेच विचारलं, की तुमच्याकडे कुठली गोळी असते. ती त्याने दीड वर्ष घेतली. पुढे तो कामावर रुजू झाला. अजूनही एखादा पावसाळा त्याला जड जातो.

त्या पहिल्या तीन आठवड्यांत जे चाललं त्यालाही आता चाचण्यांचं बळ आहे, आणि त्यातलं महत्त्वाचं काम आपल्या शेजारी गोव्यात झालं. विक्रम पटेल आणि ‘संगथ’ या संस्थेने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांत एक साधा प्रश्न विचारला: मनोविकारतज्ज्ञ नसेल तिथे गावातलाच प्रशिक्षित माणूस उपचार करू शकेल का? निवडलेल्या समुपदेशकांकडे मानसशास्त्राची पदवी नव्हती. त्यांना काही आठवडे शिकवून, देखरेखीखाली कामाला लावलं. सहा ते आठ बैठका, शक्यतो रुग्णाच्या घरी. पद्धत अशी, की मन प्रसन्न होईल तेव्हा कामाला लागू अशी वाट न पाहता आधी छोटंसं काम ठरवायचं, शेजारणीकडे जाऊन येणं, परसातली दोन झाडं पाहणं, आणि त्या दिवशी मनाचं काय झालं ते टिपायचं. दहा केंद्रांतल्या ४९५ रुग्णांवरच्या या चाचणीचे निष्कर्ष २०१७ साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. तीन महिन्यांनी या बैठका मिळालेल्यांपैकी ६४ टक्के आजारातून बाहेर आले होते, केवळ नेहमीची वैद्यकीय देखभाल मिळालेल्यांपैकी ३९ टक्के. हे सौम्य उदासीचे रुग्ण नव्हते, मध्यम ते तीव्र विषण्णतेचे होते. वर्षानंतरच्या तपासणीतही लाभ टिकून होता.

त्याआधी याच गटाने ‘मानस’ नावाची चाचणी केली होती, २०१० साली छापलेली. तिच्यात सरकारी केंद्रांत समुपदेशकांमुळे लक्षणीय फरक पडला, खासगी दवाखान्यांत पडला नाही. खासगी डॉक्टर आपल्या रुग्णाला आधीपासूनच नावानिशी ओळखत असतात, त्यामुळे असेल, असा तिथल्या संशोधकांचाही एक कयास होता. सरकारी रांगेत मात्र नाव विचारून समोर बसणारं माणूस हीच नवी गोष्ट होती. २०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार आपल्याकडे विषण्णता असलेल्या शंभरांतल्या ऐंशीहून अधिक जणांपर्यंत गोळी, बैठक, यांतलं काहीच पोहोचत नाही. २०२२पासून ‘टेली-मानस’ ही सरकारी दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास चालते, आणि पलीकडचं माणूस मराठीतही बोलतं.