सियाचीनच्या चौकीवरचं रॉकेल

गावातल्या, म्हणजे पाबळच्या, एका माजी सैनिक काकांची मुलाखत घ्यायला गेलो तेव्हा प्रश्नावली तयार होती : चौकीची उंची किती, शत्रू किती अंतरावर, गोळीबार कधी व्हायचा. काका थोडा वेळ 'हं, हं' करत राहिले. मग म्हणाले, "गोळ्यांचं काय विचारतोस? रॉकेलचं विचार की."

मी वहीत लिहिलं : विषयांतर.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. १९४९ च्या कराची करारात युद्धबंदी रेषा एनजे ९८४२ या बिंदूपाशी थांबली. पुढे ती उत्तरेला हिमनद्यांकडे जाते, एवढंच मोघम लिहिलं गेलं. त्या मोघमपणातून सियाचीनचा वाद उभा राहिला. १३ एप्रिल १९८४ ला भारतीय तुकडी बिलाफोंड ला खिंडीत उतरली आणि तेव्हापासून तिथे बारा महिने पहारा आहे. नोव्हेंबर २००३ च्या शस्त्रसंधीनंतर तोफा थांबल्या, माणसं जायची थांबली नाहीत. फेब्रुवारी २०१६ मध्ये सोनम चौकीवर हिमकडा कोसळून दहा जवान गेले. इथे गोळीपेक्षा थंडी, उंची आणि बर्फानेच जास्त बळी घेतलेत.

मग रॉकेल कशाला? चौकीभोवती नजर जाईल तिथवर बर्फ, पण प्यायला थेंब नाही. तो वितळवायचा तर स्टोव्ह हवा. (टँकरची वाट बघत मोठ्या झालेल्या मला हे आधीच सुचायला हवं होतं!) डब्यातलं जेवण दगडासारखं झालेलं, तेही स्टोव्हवरच. तंबूत ऊब बुखारीची, तीही रॉकेलवर. तिच्या काजळीने कफसुद्धा काळा पडायचा. आणि रॉकेल यायचं जेरीकॅनमधून. वरच्या चौक्यांवर हवा इतकी विरळ की हेलिकॉप्टरला थोडंच वजन झेपतं. हवा बिघडली की तेही बंद.

काकांच्या चौकीवर एकदा नऊ दिवस काहीच आलं नाही. कॅन उरले चार. बुखारी बंद केली, रॉकेल फक्त पाण्यापुरतं. मोजे वाळेनात. एका सोबत्याच्या पायाची तीन बोटं त्यातच गेली.

हे सगळं मी 'विषयांतर' म्हणून टंकलिखित प्रतीतून काढून टाकलं होतं. प्रश्नावली आपल्याला काय ऐकायचंय त्याचीच असते, समोरच्याने काय भोगलं त्याची नसते. दुसऱ्या खेपेला प्रश्नावली घरीच ठेवली आणि विचारलं, "काका, सकाळी उठल्यावर पहिलं काम कोणतं असायचं?" ते दोन तास बोलले.

आठवण तपासून घ्यावी लागतेच. त्याच तुकडीतले दुसरे एक जवान फोनवर म्हणाले, नऊ कुठले, सहा दिवस होते. कॅन किती उरले होते, असं विचारल्यावर मात्र लगेच म्हणाले, "चार."