ओंडके थांबतात, माणसं नाही

लकडगंज हे काही नागपूरला आलेल्या पाहुण्याला दाखवायचं ठिकाण मानलं जात नाही. पाहुण्याला दीक्षाभूमी दाखवतात, फुटाळ्याला नेतात. इतवारी स्टेशनाजवळच्या या लाकूडबाजारात सागवानाच्या ओंडक्यांच्या थप्प्या, आरामशीनचा कर्कश आवाज आणि घनफुटांचे हिशेब, एवढंच. तरी परगावच्या ओझरत्या भेटीचा इतिहास तपासायला लकडगंज सोयीचं आहे, कारण 1949 पासून चोवीस वर्षं मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रासचे प्रवासी रात्रीमागून रात्र याच शहरात उतरत होते आणि यातलं काहीही न पाहता निघून जात होते. वाटेत लागलेल्या शहराची मजा घेता येणं हे त्या शहराच्या नावलौकिकावर फारसं ठरत नाही, असं माझं म्हणणं आहे. गाडी, बोट किंवा विमान तिथे का थांबतं, कोणत्या वेळी थांबतं आणि माणसाला फाटकाबाहेर सोडतात का, यावर ते ठरतं.

बोटींच्या काळाकडे पाहा. 1869 साली सुएझ कालवा खुला झाल्यावर मुंबईहून विलायतेला जाणारी बोट एडनला आणि पोर्ट सैदला थांबे, ती प्रवाशांच्या हौसेसाठी नव्हे, कोळशासाठी. मजूर टोपल्यांनी कोळसा चढवत, काळी धूळ सगळ्या बोटीवर बसे, केबिनच्या खिडक्या बंद कराव्या लागत आणि उकाड्याने जीव नकोसा होई. मग प्रवासी किनाऱ्यावर उतरत. बॅरिस्टर व्हायला निघालेला तरुण असो की रजेवर चाललेला गोरा अंमलदार, एडनला गाडी ठरवून डोंगरातली जुनी दगडी टाकी पाहून येणं हा जवळजवळ शिरस्ताच झाला. टाकी बहुधा कोरडीच असत, तरी लोक जात. (हे ‘परदेशी’ एडन 1932 पर्यंत मुंबई इलाख्याच्याच कारभारात होतं, ही त्यातली गंमत.) सहलीला निमित्त धुळीचं होतं.

नागपुरात निमित्त टपालाचं झालं. रफी अहमद किदवई दळणवळण मंत्री असताना, 30 जानेवारी 1949 पासून रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू झाली. चार महानगरांतून चार विमानं निघत आणि मध्यरात्रीच्या सुमारास सोनेगावच्या धावपट्टीवर एकत्र येत. थैल्यांची अदलाबदल होई, आणि प्रत्येक विमान बाकीच्या तीन शहरांची पत्रं घेऊन पहाटेपर्यंत आपल्या गावी परते. माणसांचंही तेच. मुंबईहून कलकत्त्याला जाणारा इथे विमान बदली. त्याच वर्षी 1 एप्रिलपासून साधी पत्रंही जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागली. म्हणजे देशाच्या मध्यावर असण्याचा मान नागपूरला पुरेपूर मिळाला, पण तो थैल्यांच्या कामाचा होता. लकडगंज तिथून दहाएक किलोमीटरवर, झोपलेलं. 1973 साली ही व्यवस्था संपली, तेव्हा शहराच्या हाती आठवणीखेरीज फारसं काही उरलं नाही.

यावर कोणी म्हणेल, रात्री विमानाने जाणारी माणसं कामाची होती, त्यांना शहर कशाला हवं होतं? पण एडनला उतरणारेही बहुतेक कामानेच निघालेले होते. वेळ हाताशी आणि वाट मोकळी असली की कामाचा माणूसही हिंडतो. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. लाकडाच्या वखारींत पाहायचं तरी काय? तर, थोड्या तासांत एखादं शहर जगतं कशावर, एवढंच नीट दिसू शकतं, आणि ते देवळापेक्षा बाजारात लवकर दिसतं. ओंडक्याच्या कापलेल्या तोंडावर वनखात्याच्या हातोड्याची खूण असते, आरामशीनखाली फळी सुटताना ओल्या भुशाचा वास येतो. चांद्याच्या जंगलाचं आणि या शहराचं नातं समजायला याहून जवळची जागा नाही. 2023 साली खुल्या झालेल्या नव्या संसद भवनासाठी सागवान नागपूरहूनच गेलं. रात्रीच्या अंधारात मात्र यातलं काहीच दाखवता आलं नसतं, हे मान्य केलंच पाहिजे. वेळ चुकली की उघडं फाटकही निरुपयोगी.

सिंगापूरने ही गोष्ट ओळखली. चांगी विमानतळावर मधला मोकळा वेळ बऱ्यापैकी असलेल्या प्रवाशाला बसमध्ये घालून फुकट शहर दाखवतात, व्हिसाची अट पाळून. दोहाही आता अशा सहली विकतं. तिथे विमान बदलणारा नागपूरकर वाळवंटातल्या त्या शहरातला सूक, म्हणजे बाजार, पाहून येतो, मसाल्यांचे भाव विचारतो, आणि घरी आल्यावर दोहा पाहिल्याचं सांगतो. ते खोटं नसतं. सोनेगावला उतरलेल्या मद्रासच्या प्रवाशाला नागपूर पाहिलं असं म्हणायची सोयच नव्हती. त्याने पाहिला तो विमानतळ, आणि तोही झोपेत.