हरिकेन इंजिनाची पुनर्बांधणी

जुन्या जीपमधील ‘हरिकेन’ हे चार सिलिंडरचे पेट्रोल इंजिन पूर्ण उतरवून, प्रत्येक भाग मोजून, झिजलेले भाग बदलून किंवा मशीनवर घेऊन पुन्हा मापात आणण्याचे काम. गॅरेजच्या भाषेत याला ‘फुल इंजिन’ म्हणतात. क्रँक जागेवर ठेवून फक्त रिंगा आणि व्हॉल्व्ह पाहिले, तर ते ‘हाफ इंजिन’. पन्नास-साठ वर्षे जुन्या गाडीत हाफ इंजिन हा बहुधा वाया गेलेला खर्च ठरतो. वरून कॉम्प्रेशन वाढते, खाली बेअरिंगा मात्र जुन्याच राहतात आणि थोड्याच काळात तळातून ठोका ऐकू येऊ लागतो.

दुसऱ्या महायुद्धातील जीपमध्ये विलिस-ओव्हरलँड कंपनीचे ‘गो-डेव्हिल’ इंजिन होते. त्याची घनक्षमता 2,199 घसेंमी. आणि शक्ती 60 अश्वशक्ती होती. कंपनीचे मुख्य अभियंता डेल्मर (बार्नी) रूस यांनी त्यावर बरीच मेहनत घेतली होती. गो-डेव्हिलमध्ये आत घेणारे (इनलेट) आणि बाहेर सोडणारे (एक्झॉस्ट) असे दोन्ही व्हॉल्व्ह ब्लॉकमध्येच असत. 1950 मध्ये आलेल्या हरिकेनमध्ये बोअर (79.4 मिमी.) आणि स्ट्रोक (111.1 मिमी.) तेच ठेवून इनलेट व्हॉल्व्ह वर हेडमध्ये नेले, एक्झॉस्ट खाली ब्लॉकमध्येच राहिले. इनलेट मोठे झाल्याने शक्ती 70 ते 75 अश्वशक्तीपर्यंत गेली. इंजिनाची उंचीही वाढली आणि ते मावावे म्हणून 1953 च्या सीजे-3बी जीपचे बॉनेट उंच करावे लागले. या मॉडेलचा ओळखीचा उंच चेहरा असा इंजिनामुळे आला. मुंबईत 1947 पासून विलिस जीप जोडणाऱ्या महिंद्रने पुढे सीजे-3बी परवान्याखाली दीर्घकाळ बनवली. जपानमध्ये मित्सुबिशीनेही ती बनवली. महाराष्ट्रात जुनी पेट्रोल जीप म्हटली, की बॉनेटखाली हेच इंजिन असण्याचा संभव मोठा. अर्थात, नंतर डिझेल इंजिन बसवलेल्या जीपही पुष्कळ आहेत.

झीज आणि निदान : अशा गाडीची झीज किलोमीटरवरून ठरत नाही. लो गिअरमध्ये चढावर तासभर चालवलेली गाडी मीटरवर चार-पाच किलोमीटरच दाखवते, पण इंजिन तेवढा वेळ जोरात फिरलेले असते. त्यातच एअर क्लीनर तेलाच्या भांड्याचा. त्यातले तेल बदलायचे राहिले, की रस्त्याची धूळ थेट सिलिंडरमध्ये जाते आणि बोअरच्या वरच्या भागाला पॉलिश पेपरसारखी घासत राहते. निळा धूर आणि तेल खाणे ही झिजेची लक्षणे सर्वांना माहीत असतात. मात्र धूर रिंगांचा की व्हॉल्व्ह गाइडचा, हे ठरवल्याशिवाय इंजिन उघडू नये. कॉम्प्रेशन मोजावे, मग प्लगच्या भोकातून चमचाभर तेल टाकून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर दोष रिंगा-बोअरमध्ये. नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा गॅस्केटमध्ये. नदी-ओढ्यातून गेलेल्या गाडीचे ऑइल दुधी दिसते, तेही आधी तपासावे. ऑइलमधले ते पाणी बाहेरून आलेले असते किंवा ब्लॉकच्या तड्यातून, आणि या दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

ब्लॉक : पुनर्बांधणीचा खरा निर्णय इथे होतो. या इंजिनात एक्झॉस्ट व्हॉल्व्हची सीट सिलिंडरला अगदी लागून असते. तिथले ओतीव लोखंड सतत तापते आणि सीट व बोअर यांच्यामध्ये तडा जाण्याची सवय या ब्लॉकना आहे. म्हणून पिस्टन-रिंगांची खरेदी करण्याआधी ब्लॉक तपासून घ्यावा. चुंबकीय तपासणीची सोय नसेल, तर जुनी पद्धतही चालते : जागा रॉकेलने पुसून कोरडी करायची आणि खडूची भुकटी लावायची. तडा असेल तर आत मुरलेले रॉकेल भुकटीत बारीक ओली रेघ काढते. हे न पाहता आधी बोअर करून आणणारे लोक कमी नाहीत.

पिस्टन वरून निघतात. त्यापूर्वी बोअरच्या तोंडाशी, जिथवर रिंग पोचत नाही तिथे, तयार झालेली पायरी रीमरने काढावी लागते. नाहीतर पिस्टन ठोकून काढताना रिंगांच्या खाचा तुटतात. बोअर वर, मध्ये आणि खाली, आडवा-उभा असा मोजतात. उतार किंवा लंबगोलपणा 0.005 इंचाच्या पुढे गेला, तर नुसत्या रिंगा बदलून भागत नाही. पिस्टन दहा, वीस, तीस आणि चाळीस थाउच्या (थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइजमध्ये येतात. चाळीसच्या पुढे गेलेल्या ब्लॉकला स्लीव्ह टाकावी लागते. पिस्टन आधी हातात घ्यावेत आणि मग त्यांच्या मापाने बोअर करावा. पिस्टनची बैठक तपासण्याची कारखान्याच्या पुस्तकातली रीत साधी आहे : पिस्टनच्या खाच नसलेल्या बाजूने 0.003 इंचाची फीलर पट्टी घालून ती स्प्रिंगच्या काट्याने ओढायची. पाच ते दहा पौंडांच्या ओढीने ती सरकली, तर बैठक बरोबर.

बोअर झाल्यावरची धुलाई हा सगळ्यात दुर्लक्षित टप्पा. होनिंगची भुकटी पेट्रोलने जात नाही. गरम पाणी, साबण आणि ब्रश लागतो. पांढरे फडके बोअरमधून फिरवून पांढरेच निघेपर्यंत धुवायचे आणि लगेच तेल लावायचे. ऑइल गॅलरीचे प्लग काढून आतून तार-ब्रश घालावा. क्रँकमधल्या तिरप्या भोकांतही वर्षानुवर्षांचा चिकट गाळ बसलेला असतो.

क्रँक आणि तळ : क्रँकला तीनच मेन बेअरिंगा आहेत. जर्नल घासून दहा, वीस किंवा तीस थाउचे अंडरसाइज शेल घालता येतात. क्रँकची पुढे-मागे हालचाल 0.004 ते 0.006 इंच ठेवायची असते आणि ती पुढच्या थ्रस्ट वॉशरमागच्या पातळ शिमांनी जुळवतात. उघडताना या शिमा तेलाने चिकटून येतात आणि कचऱ्यात जातात. कनेक्टिंग रॉडचे मोठे टोक मधोमध नसते. त्याची रुंद बाजू जवळच्या मेन बेअरिंगपासून लांब यायला हवी. पिस्टनवरची टी आकाराची खाच रॉडमधल्या तेल उडवणाऱ्या भोकाच्या विरुद्ध बाजूला येते. मेन कॅप 65 ते 75 आणि रॉड 35 ते 45 फूट-पाउंडांवर आवळतात.

जुन्या जीपखाली तेलाचा डाग असतोच, असे मालक कौतुकाने सांगतात. डाग बहुतेक वेळा मागच्या मेन बेअरिंगचा असतो. त्या कॅपच्या दोन्ही बाजूंना रबराच्या पट्ट्या बसतात आणि त्या पाव इंच बाहेर राहतात. नवखा फिटर त्या ब्लेडने सपाट करतो. वास्तविक संप (तळाचे तेलाचे भांडे) आवळताना त्या दाबल्या जाऊन जागा भरते. कापल्या, की गळती कायमची.

ऑइल पंप कॅमशाफ्टवर चालतो आणि डिस्ट्रिब्युटर त्या पंपाच्या दांड्यावर. पंप एका दाताने चुकला, तर टायमिंगही चुकते आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो. संपमधला तेल ओढणारा भाग तरंगता असतो, म्हणजे तळाचा गाळ आणि पाणी सोडून वरचे तेल घेतो. त्याची जाळी आणि हालचाल दोन्ही पाहावीत.

व्हॉल्व्ह : दोन ठिकाणी व्हॉल्व्ह, म्हणून काम दुप्पट. एक्झॉस्ट काढताना ब्लॉकच्या बाजूचे झाकण उघडतात. त्या कप्प्यातून खाली संपकडे जाणारी भोके आधी चिंधीने बुजवावीत. स्प्रिंग दाबताना उडालेला अर्धचंद्र लॉक त्यातून खाली गेला, तर संप उतरवण्यावाचून गत्यंतर नाही. टॅपेटचे थंड अंतर इनलेटला 0.018 आणि एक्झॉस्टला 0.016 इंच. बहुतेक इंजिनांत एक्झॉस्टला जास्त अंतर असते. इथे उलट आहे आणि हाताच्या सवयीने चुकीचे बसवले जाते. हेडचे बोल्ट 60 ते 70 फूट-पाउंडांवर, ठरलेल्या क्रमाने आवळतात. त्यांतला एक बोल्ट कार्ब्युरेटरखाली, इनलेटच्या पोकळीत दडलेला आहे. कार्ब्युरेटर उतरवल्याशिवाय तो दिसतच नाही आणि तो ढिला राहिलेले हेड गॅस्केट जाळते. इंजिन गरम होऊन थंड झाल्यावर बोल्ट पुन्हा आवळताना त्यालाही धरावे.

इंधन : शिसेयुक्त पेट्रोल भारतात 2000 साली बंद झाले. शिशामुळे एक्झॉस्ट सीटला मिळणारे संरक्षण गेल्याने पुनर्बांधणीत कठीण सीट घालणे शहाणपणाचे. आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल मिसळलेल्या पेट्रोलने जुने रबर खराब होते. इंधनपंपाचा पडदा फाटला, तर पेट्रोल थेट संपमध्ये उतरून नव्या बेअरिंगांचे तेल पातळ करते. म्हणून पंपाचा पडदा, कार्ब्युरेटरचे किट आणि नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घ्याव्यात.

कागदपत्रे : इंजिन क्रमांक नोंदणी पुस्तकात असतो आणि इंजिन बदलणे हा मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 खाली येणारा बदल आहे. 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुनी, मूळ स्वरूपात ठेवलेली आणि चेसिस, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल न झालेली गाडी ‘व्हिंटेज’ म्हणून नोंदवता येते. डिझेल बसवलेली जीप त्यात बसवणे अवघड. मूळ हरिकेन ब्लॉक स्लीव्ह टाकून का होईना वाचवण्यामागे हेही एक कारण असते.