'डिफ'मधील अधिक-वजा चिन्हे आणि नकलेची अडचण

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्याचे विभाजन होऊन आठ तालुक्यांचा पालघर जिल्हा अस्तित्वात आला. डहाणू व तलासरी हे त्यांपैकी दोन. २०११ च्या जनगणनेच्या याद्यांत मात्र ते ठाणे जिल्ह्यातच आढळतात. अशी जुनी यादी सुधारल्यावर नेमके काय बदलले, हे दाखविण्याचे काम 'डिफ' हा प्रोग्राम करतो. 'डहाणू, ठाणे' या जुन्या ओळीपुढे तो वजा चिन्ह लावतो, तर 'डहाणू, पालघर' या नव्या ओळीपुढे अधिक चिन्ह.

डग्लस मॅकिलरॉय यांनी बेल लॅब्जमध्ये विकसित केलेला हा प्रोग्राम १९७४ मध्ये युनिक्सच्या पाचव्या आवृत्तीबरोबर आला. १९८५ मध्ये लॅरी वॉल यांनी 'पॅच' लिहिला. डिफचा निकाल वाचून मूळ फाइलमध्ये ते बदल आपोआप करणारा हा प्रोग्राम. आज परिचित असलेली अधिक-वजा चिन्हांची संक्षिप्त मांडणी वेन डेव्हिसन यांनी १९९० मध्ये तयार केली.

अडचण निर्माण होते ती नक्कल करताना. निकालातील ओळी उचलून दुसरीकडे चिकटविल्या की चिन्हेही सोबत येतात. प्रोग्राममध्ये ती चूक बहुधा लगेच लक्षात येते. आकड्यांच्या तक्त्यात मात्र घात होतो. ५० हा आकडा उणे ५० होतो आणि बेरीज निमूटपणे चुकते. शब्दागणिक फरक दाखविणारा पर्याय वाचनास सोयीचा खरा, पण त्यातील कंसांमुळे नक्कल अधिकच निरुपयोगी ठरते.

मग चिन्हे काढूनच टाकावीत काय? तसेही नाही. पॅचला तीच चिन्हे हवी असतात. न बदललेल्या ओळीच्या आरंभीची एक रिकामी जागासुद्धा त्याच्या लेखी अर्थपूर्ण असते. ईमेलमध्ये चिकटविताना ती जागा गळाली किंवा टॅबच्या जागी साध्या मोकळ्या जागा आल्या, तर पॅच बदल नाकारू शकतो. म्हणून यंत्रासाठीचा निकाल स्वतंत्र फाइलमध्ये जसाच्या तसा पाठवावा. माणसासाठीच्या पडद्यावर चिन्हे वेगळ्या स्तंभात, नकलेत न येतील अशी ठेवावीत. एकाच मजकुराकडून दोन्ही कामांची अपेक्षा करणे हेच अडचणीचे मूळ.

मराठी वापरकर्त्यांपुढे आणखी एक विघ्न असते. लिनस टोरवाल्ड्स यांनी २००५ मध्ये सुरू केलेल्या 'गिट'मध्ये फाइलचे नाव देवनागरीत असल्यास ते निकालात अष्टमान अंकांत उमटते. एकट्या 'ड'साठी ३४०, २४४, २४१ अशा तीन संख्या येतात, 'डहाणू'साठी पंधरा. असे नाव उचलून फाइल शोधणे दुरापास्तच. 'कोअर.कोटपाथ' ही मांडणी बंद केली की नाव देवनागरीत दिसू लागते.