घोंगडीतली भूमिती

कुपवाडच्या आमच्या घरी माळ्यावर आजोबांची घोंगडी पडून होती. "टोचते, देऊन टाकू," असं मीच म्हणालो होतो.

मग एकदा मोबाइलवर ॲनी अल्बर्सची विणलेली कापडं पाहिली. नुसते पट्टे आणि चौकोन. जर्मनीतल्या बाउहाउसमध्ये मुलींना बहुतेक विणकामाकडेच वळवत, तशी तीही तिथे गेली. १९४९ साली न्यूयॉर्कच्या 'मोमा' संग्रहालयात तिच्या कापडांचं स्वतंत्र प्रदर्शन भरलं.

मी घोंगडी खाली काढली. काळी लोकर, कडेला पांढरे पट्टे. रंग मेंढीचाच. आपल्याकडे सणगर विणकर ताण्याला चिंचोक्याची खळ लावून खड्ड्याच्या मागावर घोंगडी विणत आले. उभा ताणा, आडवा बाणा. धागा एक तर वर, नाही तर खाली. दिवसभर शून्य आणि एकाशी खेळणाऱ्या मला हे आधीच दिसायला हवं होतं. सरळ रेषा मागच देतो. पट्टा कुठे आणि किती रुंद, हे विणणारा ठरवतो. अल्बर्सनेही तेच ठरवलं होतं.

तिचं नाव भिंतीवर लागलं. आमची घोंगडी कुणी विणली, हे मी आजोबांना कधी विचारलंच नाही. आता ते नाहीत. घोंगडी आहे, अजून टोचते.