जिवाणूंच्या प्रजाती जीनोमवरून कशा ठरतात?

मुंबईत १८९६ मध्ये हाहाकार माजविणाऱ्या प्लेगचा जिवाणू ‘येर्सिनिया पेस्टिस’ या नावाने ओळखला जातो. त्याचा निकटचा आप्त असलेला ‘येर्सिनिया स्यूडोट्युबरक्युलोसिस’ हा जिवाणू मात्र ताप आणि पोटदुखी असा, बहुतेक वेळा आपोआप बरा होणारा आजार घडवितो. या दोहोंच्या डीएनएमध्ये इतके साम्य आहे की, आजच्या निकषाने त्यांची गणना एकाच प्रजातीत व्हावयास हवी. तरीही त्यांची नावे वेगळीच ठेवण्यात आली आहेत. जिवाणूंची प्रजाती कशी ठरवावी, या प्रश्नातील मुख्य अडचण या उदाहरणातून स्पष्ट होते.

जुन्या कसोट्या

परस्परांपासून प्रजननक्षम संतती होऊ शकते ते जीव एका प्रजातीचे, हा प्राण्यांसाठी रूढ असलेला निकष जिवाणूंना लागू पडत नाही. जिवाणू विभाजनाने वाढतात. शिवाय दूरच्या जिवाणूंकडूनही ते जनुके मिळवू शकतात. त्यामुळे आकार, रंजकद्रव्याने येणारा रंग, कोणती शर्करा पचते यांसारख्या लक्षणांवरून त्यांचे वर्गीकरण दीर्घकाळ केले जात असे.

पुढे दोन जिवाणूंचे डीएनए तापवून त्यांचे धागे सुटे करावयाचे आणि थंड होताना ते एकमेकांशी किती जुळतात हे मोजावयाचे, अशी पद्धत आली. तज्ज्ञांच्या समितीने १९८७ मध्ये या जुळणीची मर्यादा सुमारे ७० टक्के अशी निश्चित केली. मात्र ही चाचणी किचकट होती. प्रयोगशाळेनुसार तिचे आकडे बदलत आणि प्रत्येक नव्या तुलनेसाठी प्रयोग पुन्हा करावा लागे.

दुसरी कसोटी ‘१६एस’ या एका जनुकाची होती. सुमारे दीड हजार अक्षरांचे हे जनुक सर्व जिवाणूंमध्ये आढळते आणि अतिशय सावकाश बदलते. अमेरिकी शास्त्रज्ञ कार्ल वूस यांनी १९७७ मध्ये अशाच तुलनेच्या आधारे ‘आर्किया’ हा सजीवांचा स्वतंत्र गट दाखवून दिला. दूरची नाती उलगडण्यास हे जनुक उपयुक्त ठरते. परंतु जवळच्या प्रजातींमध्ये ते जवळजवळ सारखेच असल्याने तेथे त्याचा उपयोग मर्यादित राहतो.

९५ टक्क्यांची रेषा

एखाद्या जिवाणूचा संपूर्ण जीनोम प्रथम १९९५ मध्ये वाचण्यात आला. ‘हिमोफिलस इन्फ्लुएंझा’ या त्या जिवाणूच्या जीनोममध्ये सुमारे १८ लाख अक्षरे आहेत. अनुक्रम वाचण्याचा खर्च कमी होत गेला, तशी संपूर्ण जीनोमची तुलना शक्य झाली. त्यातून ‘सरासरी न्यूक्लिओटाइड साम्य’, म्हणजेच एएनआय, हे माप रूढ झाले.

या पद्धतीत एका जीनोमचे संगणकावर सुमारे हजार अक्षरांचे तुकडे करतात. प्रत्येक तुकड्याशी जुळणारा भाग दुसऱ्या जीनोममध्ये शोधला जातो आणि जुळलेल्या भागांतील साम्याची सरासरी काढली जाते. जुन्या चाचणीतील ७० टक्के जुळणी ही सुमारे ९५ टक्के एएनआयशी समतुल्य असल्याचे २००७ मध्ये दाखविण्यात आले.

सुमारे ९० हजार जीनोमची तुलना करणारा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात बहुतेक जोड्यांचे साम्य एक तर ९५ टक्क्यांहून अधिक किंवा ८३ टक्क्यांहून कमी आढळले. मधला पट्टा जवळजवळ रिकामा होता. जिवाणूंच्या प्रजाती ही केवळ माणसाने पाडलेली विभागणी नसून निसर्गातही असे गट आहेत, या मताला त्यामुळे बळ मिळाले. रोगकारक जिवाणूंचेच जीनोम अधिक वाचले गेल्याने ही दरी अधिक ठळक दिसत असावी, असा आक्षेपही काही संशोधकांनी घेतला आहे.

सरासरीत न दिसणारे

एएनआय केवळ जुळणाऱ्या भागांची सरासरी सांगतो. एका जिवाणूत असलेली आणि दुसऱ्यात नसलेली जनुके त्या हिशेबात येत नाहीत. प्लेगच्या जिवाणूकडे डीएनएची दोन जादा वर्तुळे, म्हणजे प्लाझ्मिड, आहेत. त्यांतील जनुकांमुळे त्याला पिसवेच्या शरीरात टिकून राहणे आणि माणसाच्या शरीरात वेगाने पसरणे शक्य होते. जीनोमच्या आकारमानात हा फरक अल्प असला, तरी रुग्णाच्या दृष्टीने तो जीवनमरणाचा ठरतो.

क्षयरोगाच्या जिवाणूंचे उदाहरणही असेच आहे. माणसातील क्षयाचा ‘मायकोबॅक्टेरियम ट्युबरक्युलोसिस’ आणि मुख्यतः गुरांत आढळणारा ‘मायकोबॅक्टेरियम बोव्हिस’ यांचे साम्य ९९ टक्क्यांहून अधिक आहे. मात्र एका जनुकातील एका अक्षराच्या बदलामुळे बोव्हिसवर पायराझिनामाइड हे क्षयावरील प्रमुख औषध परिणाम करीत नाही. अहवालात दोहोंतील भेद नमूद नसेल, तर उपचार चुकण्याचा संभव असतो.

आमांश घडविणाऱ्या ‘शिगेला’चा जीनोम पाहता तो ‘ई. कोलाय’ या प्रजातीतच मोडतो. जपानी वैद्यक कियोशी शिगा यांनी १८९७ मध्ये शोधलेल्या या जिवाणूचे नाव वैद्यकीय व्यवहारासाठी मात्र स्वतंत्र ठेवण्यात आले आहे.

नावाचा निर्णय

प्लेगच्या जिवाणूला दुसऱ्या प्रजातीची उपप्रजाती मानावे, असा प्रस्ताव १९८० च्या सुमारास डीएनए जुळणीच्या आधारे मांडण्यात आला होता. नामकरणविषयक आंतरराष्ट्रीय न्यायिक आयोगाने १९८५ मध्ये ते नाव फेटाळले. नावातील गोंधळामुळे आरोग्यास धोका संभवत असेल, तर शास्त्रीयदृष्ट्या समर्थनीय नावही नाकारता येते, अशी तरतूद नामकरणाच्या नियमांत आहे.

नव्या प्रजातीचे नाव या नियमांनुसार ग्राह्य धरले जाण्यासाठी तिचा जिवंत नमुना दोन वेगवेगळ्या देशांतील संग्रहालयांत जमा करावा लागतो. भारतात चंडीगड आणि पुणे येथे असे राष्ट्रीय संग्रह आहेत. मात्र असंख्य जिवाणू प्रयोगशाळेत वाढविता येत नाहीत. त्यांना केवळ जीनोमच्या आधारे नाव देण्याची सोय करणारी ‘सीक्कोड’ ही स्वतंत्र संहिता २०२२ मध्ये अस्तित्वात आली.

जीनोमच्या तुलनेमुळे वर्गीकरणाला सर्व प्रयोगशाळांत सारखे उत्तर देणारे माप मिळाले आहे. रुग्णाच्या अहवालात कोणते नाव असावे, हे मात्र केवळ साम्याच्या टक्केवारीवर ठरत नाही. तो जिवाणू कोणता रोग घडवितो आणि कोणत्या औषधाला दाद देतो, याचाही विचार त्यासाठी करावा लागतो.